आक्काची अर्धशिशीची गोळी

"दोन्ही मनगटांत नाडी लागत नाहीये," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी जागी होते, बोलत होते, मॅडमच्या कानातले डूल मला दिसत होते, आणि ही बाई म्हणते नाडी नाही. मग बोलतंय कोण?

सोलापुरात सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, मी स्ट्रेचरवर पडले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि माझे पाय माठाच्या बुडासारखे गार पडले होते. हातांची बोटं आधी पांढरी झाली, आता निळी पडायला लागली होती. मॅडमनी पावलांवर बोटं दाबून पाहिली, गुडघ्यामागं पाहिली, मग मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. ते दोघं इंग्रजीत बोलले, पण त्यातला एक शब्द मला कळला. गँगरीन. रक्त पोचलं नाही की हात-पाय सडतो, त्याला म्हणतात. सडला की काय करतात ते मला कुणी सांगायला नको. आमच्या गावी, मंद्रूपात, साखरेच्या आजारानं पाय काढलेला माणूस मी तिथं असेपर्यंत रोज बघत होते.

आणि मी भाकऱ्या करते हो. सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत राहते, ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापते आणि दुकानांना देते. पातळ इतकी की हातात धरली तर बोटाची सावली दिसावी. ते सगळं काम हाताचं. त्या दिवशी सकाळी पीठ मळायला बसले तर पीठ ओलं आहे का कोरडं तेच बोटांना कळेना. तव्याला बोट लागलं, चटका बसला नाही.

पुढचं समजायचं असेल तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. मला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं झाली. नवऱ्याकडून आला, नवरा गेला. गावात सांगितलं टीबीनं गेला, आणि ते खोटंही नव्हतं, टीबी त्यांना होताच. नवऱ्याला ज्या दवाखान्यात ठेवलं होतं त्याचं नाव मी घेणार नाही. तिथं एकानं त्यांचा आजार वॉर्डच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगितला. शेजारच्या खाटेवरची माणसं जेवत होती, ती ताटं उचलून बाहेर गेली. आमचे ओळखीचे कुणी नव्हते म्हणून वाचलो. त्या दिवशी मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या हातची भाकरी लोक खातात. लोकांना कळलं तर एक भाकरी खपणार नाही. लेक माढ्याला दिलीय, तिची तपासणी स्वच्छ आली, तिला एकटीला सगळं ठाऊक आहे. तिच्या सासरी कळलं तर तिचं काय होईल, या विचारानं मी कित्येकदा ताटावरून उठले आहे.

गोळ्या मी चुकवत नाही. त्यांना एआरटी म्हणतात. विषाणू मरत नाही पण गप्प बसतो. पहिल्या प्रकारच्या गोळ्या काही वर्षांनी लागू पडेनाशा झाल्या, म्हणून मला दुसऱ्या लाइनच्या दिल्या. देताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुसरं कुठलंही औषध घेताना आम्हाला विचारा." मी मान डोलावली. पण डोकेदुखीची गोळी म्हणजे काय औषध असतं का? आमच्यात गोळी ही विरजणासारखी. आपल्या घरात नसली तर शेजारणीकडून आणायची, तिला लागली तर आपण द्यायची. कुणाची कशाची आहे हे कोण बघतंय!

ती गोळी मला आक्कानं दिली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मंद्रूपला असते, शेळ्या राखते, माझ्यासाठी शेतातली ज्वारी घेऊन येते आणि आली की माझ्या घरातल्या प्रत्येक डब्याला नावं ठेवते. तोंडानं फटकळ. पण नवरा गेल्यावर माझ्या पाठीशी उभी राहिलेली एकटी बाई तीच. तिला अर्धशिशी आहे, म्हणजे अर्धंच डोकं ठणकतं. त्याच्या गोळ्या तिच्या डॉक्टरनं तिला दिलेल्या, त्या ती कायम कमरेच्या पिशवीत बाळगते. माझं डोकं चुलीपुढं बसून उन्हाळ्यात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर ज्वारी घेऊन माझ्याकडं मुक्कामाला आलेली आक्का म्हणाली, "घे की ही. माझं डोकं तर घटकेत उतरतंय." डोकं उतरलं. दुसऱ्या दिवशी परत चढलं, परत घेतली. आणखी एक घेतली. मग पायाच्या बोटांना मुंग्या आल्या.

आक्कानं तिच्या परीनं सगळं केलं. पाय गार पडले म्हणून वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि तळव्यांना लावली. मला काही कळत नव्हतं, मी म्हणाले, "अजून लावा." मग फडकं काढून बघतो तर तळव्याला हे एवढे फोड! आक्कानंच त्यातलं पाणी पुसलं, वर हळद लावली. सांगून ठेवते, बधिर झालेल्या पायाला कधी शेक देऊ नका. पाय ओरडत नाही, म्हणून त्याला भाजत नाही असं नसतं.

तर कॅज्युअल्टी. आमच्यात पेशंट एकटा जात नाही, वरात जाते. आक्का, आक्काचे मालक म्हणजे माझे भावजी, त्यांचा चुलत भाऊ, शेजारच्या दोन बायका, एवढंच काय, ज्यांच्या रिक्षातून आलो ते रिक्षावालेसुद्धा स्ट्रेचरला धरून उभे. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मॅडमनी विचारलं, "मावशी, दुसरा काही आजार? रोजच्या काही गोळ्या चालू आहेत?"

"न्हाय," मी म्हणाले.

"काहीच नाही? नीट आठवा."

"न्हाय."

"अवो मॅडम, आमच्या धाकलीला कसलाबी रोग न्हाय," आक्का मध्येच बोलली. "नुसतं डोस्कं दुखत हुतं. माझीच गोळी दिली की मी तिला. ही बगा."

मॅडमनी गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून वाचलं. म्हणाल्या, "यात अर्गोटामाइन आहे. हे रक्तवाहिन्या आवळतं. पण एवढ्याशा गोळ्यांनी असं होत नाही. ही गोळी कितीतरी लोक घेतात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी छताकडं बघायला लागले.

आणि मग त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "ईसीजी काढायचाय. छातीवरचे कपडे काढावे लागतील. सगळ्यांनी बाहेर." बाप्ये चटदिशी गेले, शेजारणीही गेल्या. पडदा ओढला. पुढं मला कळलं की त्या मॅडम नेहमीच असं करतात. नातेवाइकांना बाहेर जा म्हटलं तर जात नाहीत, भांडतात. ईसीजी म्हटलं की लाजेनं जातात. हुशार बाई!

पण आक्का हलली नाही. "मी बाईमानूस हाय, मला कसली लाज? मी ऱ्हाणार," म्हणाली आणि माझी दोन्ही पावलं धरून स्ट्रेचरच्या टोकाला उभी राहिली.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, कारण कळलं नाही तर मी चुकीचं औषध देईन. आणि थांबायला वेळ नाही. हात वाचवायचे आहेत ना?"

इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. एकीकडे हे निळे हात. दुसरीकडे माझी आक्का. सांगावं तर ती गेली, तिच्याबरोबर मंद्रूप गेलं, माढा गेलं, भाकरी गेली. न सांगावं तर हातच गेले, मग भाकरी कोण करणार आणि कशानं? आक्का बाहेर जावी म्हणून मी मनातल्या मनात सगळे देव आळवले. एकही देव पडद्याआड यायला तयार नव्हता. मॅडम वाट बघत होत्या.

"मला एचआयव्ही हाय," मी म्हणाले. "गोळ्या घेते. दुसऱ्या लाइनच्या."

मॅडमच्या तोंडावर मी किळस शोधत होते. तिथं किळस नव्हती, त्यांचे डोळे एकदम चमकले. "त्यात रिटोनावीर आहे?" मी नाव ऐकलं होतं, मान हलवली. त्या पडद्याबाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांच्या अगदी जवळ गेल्या आणि कानात बोलल्या. ओरडल्या नाहीत. वॉर्डच्या या टोकावरून त्या टोकाला काही गेलं नाही. नुसत्या तेवढ्यानंच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

परत येऊन त्यांनी मला समजावलं. "तुमच्या रोजच्या औषधातलं एक औषध यकृताचं काम मंद करतं. मुद्दाम तसं असतं, म्हणजे त्याच्या जोडीचं औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. पण त्यानं ही डोकेदुखीची गोळीही टिकवून धरली. ती बाहेर पडलीच नाही. साठत गेली आणि रक्तवाहिन्या आवळत गेली. आता कळलंय, आता इलाज आहे."

इलाज आहे. केवढा मोठा शब्द! पण माझं लक्ष पायांकडं होतं.

पाय बधिर होते, हे लक्षात घ्या. आक्कानं ते धरलेत का सोडलेत, मला कळायला मार्गच नव्हता. मी तोंडातून तो शब्द काढला त्या घटकेला तिच्या हातांनी काय केलं? मान उचलली की दिसलं असतं. माझी मान उचलायची छाती होईना. मॅडम बोलत होत्या, सिस्टर सुई टोचत होती, हातमोजे कुठल्याही पेशंटला हात लावताना घालतात तेच घातलेले, आणि मी छताकडं बघत मनाशी म्हणत होते, धरलेत, धरलेत, तिनं धरलेत.

शेवटी मान उचलली.

आक्का पडद्यापाशी उभी होती. पदरानं दोन्ही हात पुसत होती. पुसत होती आणि परत पुसत होती.

बाहेरून भावजींचा आवाज आला, "काय झालं गं? काय म्हनत्यात डाक्टर?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "गोळी बाधली. माझी गोळी बाधली तिला. दुसरं काय न्हाय." आणि बाहेर निघून गेली.

मला अतिदक्षता विभागात नेलं. रक्त पातळ राहावं म्हणून हेपॅरिनचं इंजेक्शन, रक्तवाहिन्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून दुसरी एक बाटली, थेंब थेंब. डॉपलर केला. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी, रक्त वाहताना त्यात आवाज ऐकू येतो. माझ्या पायात पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. एआरटीच्या डॉक्टरांना फोन झाला आणि माझ्या गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांत ते रिटोनावीर नाही. मी स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करायला निघाले होते, तर मॅडम रागावल्या, "गोळी बदलायची, सोडायची नाही. आणि बदलायचं ते आम्ही."

दर थोड्या वेळानं सिस्टर यायच्या. "मावशी, डोळे मिटा," म्हणायच्या आणि माझ्या हातापायांच्या एकेका बोटाला कापूस लावून विचारायच्या, कुठलं बोट? मला काही कळायचं नाही. मी भीतीनं अंदाजे ठोकून द्यायचे, "अंगठा." त्या काही न बोलता निघून जायच्या, तेव्हा समजायचं की चुकलं. ते गप्प जाणं मला सुईपेक्षा जास्त लागायचं.

डबा यायचा. भावजी दारातून देऊन जायचे. भाकरी आक्काच्याच हातची, कडा जाड, ती मी डोळे झाकून ओळखीन. पण आक्का आली नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी हिशेब मांडायचे. तिनं भावजींना सांगितलं असेल का? भावजी आज नीट बोलले नाहीत का? गावात आता चुलीचुलीपाशी हेच चाललं असेल. लेकीला फोन केला, ती रडत म्हणाली, "आई, तू हात वाचीव आधी. माझं मी बघती." असं म्हणणं सोपं असतं.

मग हात दुखायला लागले. आई गं, काय दुखणं ते! इंगळी डसल्यासारखी आग. मी मोठ्यानं बोंबलले आणि मॅडम धावत आल्या तर हसायला लागल्या. "दुखतंय? छान! रक्त येतंय." मेली, मी मरतेय आणि हिला छान वाटतंय! पण मनगटावर बोटं ठेवून त्या म्हणाल्या, "लागली नाडी," तेव्हा मी त्यांचा हात सोडेचना. हात आधी आले. पाय मागं राहिले. डाव्या पायाच्या करंगळीचं टोक काळं पडलं ते पडलंच, पुढं ते गळून गेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत गेलं असतं."

आणि मग एक दिवस आक्का आली.

तोपर्यंत मला वॉर्डात आणलं होतं. सकाळची वेळ, झाडलोट चाललेली. ती येऊन खाटेपाशी उभी राहिली. बसली नाही.

"मला का न्हाय सांगितलंस?" म्हणाली. आवाज बारीक, पण राग मावत नव्हता. "सांगितलं असतंस तर दिली असती का गं मी गोळी? माझ्या हातनं मेली असतीस तू! मी तोंड कुटं दावलं असतं?"

"आक्का, तुमी हात सोडला असता," मी म्हणाले.

"सोडला की. सोडलाच." ती माझ्याकडं बघत नव्हती. "लई भ्याले मी. त्या फोडाचं पाणी माझ्या हाताला लागलं हुतं. म्हनलं, आता मलाबी झालं. चार दिस भाकरीचा घास उतरला न्हाय. मग त्या डाक्टरनीला जाऊन इचारलं."

मॅडमनी तिला सांगितलं होतं ते आक्कानं मला तिच्या भाषेत सांगितलं. माझ्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. फोडाच्या पाण्यानं, चांगल्या कातडीला लागून काही होत नाही. हात धरून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, भाकरीनं तर नाहीच नाही. आक्काचा विश्वास बसेना म्हणून तिनं तिथल्या तिथं स्वतःची तपासणी करून घेतली. "न्हाय निघालं," ती म्हणाली. "आता परत कदी करत न्हाय. ती डाक्टरीन म्हनली, गरज न्हाय."

"भावजींना?"

"त्यास्नी काय करायचंय? गोळी बाधली, एवढं पुरं हाय."

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या गोळ्या घेत असेल तर हात जोडून सांगते. गावाला सांगू नका, शेजारणीला सांगू नका, तुमची मूठ तुमच्यापाशी ठेवा. पण कॅज्युअल्टीत ज्या डॉक्टरच्या हातात तुमचा जीव आहे त्याच्यापुढं ती उघडा. सगळे बाहेर जाईपर्यंत थांबायला वेळ असेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा, तेवढं म्हणायचा हक्क आहे आपल्याला. आणि दुसऱ्याची गोळी घेऊ नका, ती कितीही मायेनं दिलेली असो. माझे हात त्या मॅडमनी वाचवले. मी आज पुन्हा भाकऱ्या थापते, डाव्या पायानं जराशी लंगडते, आणि मॅडमच्या घरी शेंगाचटणी आणि भाकरी पाठवते. त्या आवडीनं खातात. मला दुसरं काही नको.

पण त्या सकाळचं राहिलं.

आक्का उभीच होती. सिस्टर कापूस घेऊन आल्या, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून त्यांना हाक आली, त्या कापूस टेबलावर टाकून गेल्या. आक्कानं विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं. ती थोडा वेळ कापसाकडं बघत राहिली. मग खाटेच्या टोकाला जाऊन बसली. कापूस तिनं घेतलाच नाही.

"डोळं झाक," म्हणाली.

मी झाकले. बराच वेळ काही झालं नाही. मी पुन्हा तिथंच होते, स्ट्रेचरवर, छताकडं बघत. मग उजव्या पायाच्या मधल्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. शेळ्यांच्या दाव्यांनी घट्टे पडलेला अंगठा. ऊन ऊन.

"कंचं बोट?" आक्कानं विचारलं.

डॉक्टरशी खोटं बोलू नका, हे मी तुम्हाला एवढं घसा फोडून सांगितलं. पण आक्काशी त्या सकाळी मी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

"कळंना, आक्का," मी म्हणाले. "परत लावा की."